शब्दाचे कूळ : 'कुली'

न्हावा शेवा बंदरात पाठीवर पोते घेऊन बोटीची फळी चढणारा माणूस दिसत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात क्रेन कंटेनर उचलते आणि ट्रेलरवर ठेवते. त्या ओझे वाहणाऱ्या माणसाचे इंग्रजी नाव मात्र जगभर शिल्लक आहे : कुली.

हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला. यूल आणि बर्नेल यांनी अशा शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली छापला. त्यात 'कुली'च्या दोन वाटा दिल्या आहेत. पहिली पश्चिम किनाऱ्याची. येथील कोळी जमातीचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडी बसले आणि पुढे कोणत्याही मजुराला लागले. दुसरी वाट दक्षिणेची. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांत 'कूली' म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला.

पहिली वाट खरी मानली तर न्हावा शेव्याला ती अधिकच बोचते. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील घरे उठली आणि ती माणसे हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. पण मला दुसरी वाट जास्त पटते. रोजंदारीवरच्या माणसाला मजुरीवरूनच नाव पडावे, हे सरळ आहे.

मग मजुरीचा शब्द शिवी कसा झाला? १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद झाली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. तेव्हा करारपत्रावर अंगठा घेऊन हिंदुस्थानी माणसे बोटीत चढवली, त्याच वर्षी मॉरिशसला, पुढे गयाना, नाताळ, फिजीला. मॉरिशसला मराठी माणसेही गेली. ती उतरत त्या धक्क्याला 'कुली घाट' म्हणत. दक्षिण आफ्रिकेत तर वकील असो वा दुकानदार, हिंदी माणूस म्हणजे कुलीच. गोऱ्याने शब्दातली मजुरी काढली आणि तुच्छता ठेवली.

बंधू-भगिनींनो, आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला मात्र मजुरीचा शब्दसुद्धा आला नाही. त्यांच्या कामाला नाव होते वेठबिगार. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टि'पासून आला, 'बिगार' फारसीतून. दोन्हींचा अर्थ सक्तीचे, फुकटचे काम. सरकारी माणूस गावात आला की महाराने रात्री-अपरात्री त्याचे ओझे पुढच्या गावी पोचवायचे. बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली, ती यासाठीच : कामाचा रोख मोबदला ठरवा. म्हणजे 'कूली' द्या! वतन कायद्याने जायला त्यानंतर तीस वर्षे लागली.

आपल्याकडे ओझे वाहणाऱ्याला 'हमाल' म्हणतात. तो शब्द अरबी, अर्थ वाहणारा. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातही तो आहे. त्या कायद्याने शब्द बदलला नाही. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी दिला.

रेल्वेने उलटे केले. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलीला 'सहायक' म्हणायचे ठरले. नाव बरे आहे, नाही म्हणत नाही. पण बिल्ला आणि परवाना असलेल्या त्या माणसाला रेल्वेचा पगार त्यामुळे सुरू झाला नाही. प्रवासी हातावर ठेवतो तीच त्याची 'कूली'.