विश्लेषण : मिग निवृत्त झाले, ओझरची गोष्ट कोण लिहिणार?

हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये मिग-२१ला अखेरचा निरोप दिला. यातील शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझरला घडली. पण त्या कारखान्याची गोष्ट सांगणारे मराठी पुस्तक शोधायला गेले, तर हाती फारसे लागत नाही. ते आता लिहून घेणे का गरजेचे आहे?

इतिहास आपल्या अंगणातला कसा?

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा पुणे आणि नाशिकच्या दरम्यान वसले आहे. दक्षिणेला लोहगावचा हवाई तळ, उत्तरेला ओझरचा विमान कारखाना. वरून गेलेले लढाऊ विमान कोणते, हे इथला विद्यार्थी मोबाइलवर क्षणात शोधतो. पण ते कोणी जोडले, कसे जोडले, हे त्याला मराठीत वाचायला मिळणे कठीण. नागरी विमानसेवेचेही तेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, एवढे एक वाक्य सर्वांना पाठ असते. पुढचे पान कोरेच.

ओझरला नेमके काय घडले?

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१च्या परवाना उत्पादनासाठी उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीला सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडले जात. पुढे भागही इथेच घडू लागले. नंतर मिग-२७ आणि सुखोई-३० आले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केले. द्राक्षे आणि कांद्याच्या या पट्ट्यात ध्वनीपेक्षा वेगवान विमाने बनवणारे कुशल हात तयार झाले, ही साधी गोष्ट नाही.

एका पुस्तकाने काय फरक पडतो?

स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांचे उदाहरण पुरेसे आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधावरील हल्ल्यातून ते परतले नाहीत. भारताच्या नोंदीत ते ‘बेपत्ता’ राहिले. १९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे पाकिस्तानच्या बाजूने १९६५चे हवाई युद्ध मांडणारे पुस्तक आले. एका मिस्टेअर विमानाने कितीतरी वेगवान असलेले स्टारफायटर पाडले, ही हकीकत त्यातून पुढे आली. भारतात त्याचा माग काढला गेला. ते वैमानिक देवय्याच होते, हे स्पष्ट झाले. १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. आपल्या वीराला न्याय मिळायला परक्याचे पुस्तक कारण ठरले.

आणि पुस्तक नसेल तर?

मग रिकामी जागा दंतकथा भरून काढते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, हा दावा मराठी घराघरांत पोहोचला आहे. त्याला समकालीन, तपासता येईल असा भक्कम पुरावा नाही. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथ तपासला. तो १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांच्या जिद्दीबद्दल कुतूहल जरूर असावे; पण न तपासलेल्या उड्डाणाचा अभिमान बाळगायचा आणि डोळ्यांदेखत उडालेल्या विमानांची नोंदही ठेवायची नाही, हे उलटेच झाले.

गोपनीयतेचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. सेवेतील विमानांबद्दल सगळे लिहिता येणार नाही. पण मिग-२१ आता निवृत्त आहे. शिवाय पुस्तक म्हणजे गौरवग्रंथ नव्हे. ‘उडती शवपेटी’ हे नाव या विमानाला का पडले, अपघातांत दोष यंत्राचा किती, प्रशिक्षणाचा आणि देखभालीचा किती, हेही त्यात प्रामाणिकपणे यायला हवे. तरुण वैमानिक गमावलेल्या कुटुंबांचे एवढे देणे आपण लागतोच.

आता काय करावे?

कारखाना सुरू झाला तेव्हा विशीत असलेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. कागदपत्रे कपाटात राहतील. माणसांच्या आठवणी थांबणार नाहीत. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथाचा प्रकल्प हाती घ्यावा. पुस्तक तयार झाले, की ते गावोगावच्या वाचनालयांत पोहोचवावे. निमगाव साव्याच्या मुलीला विमान अभियंता व्हायचे असेल, तर ओझरच्या फिटरने मिगचा पंख कसा जोडला, हे तिला तिच्या भाषेत वाचता आले पाहिजे. सांगणारे आहेत, तोवरच हे शक्य आहे.