पोरगी नाटक करत नाही

नांदूरघाट आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या आयाबायांनो, बापांनो, आजी-आजोबांनो, गुरुजींनो,

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एकाएकी कोसळते. दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, कधी वाचाच जाते. कधी ती परक्या, घोगऱ्या आवाजात बोलू लागते आणि भानावर आल्यावर तिला त्यातलं काहीच आठवत नाही. कुणी नाकाला कांदा लावतं, कुणी चप्पल हुंगवतं. दवाखान्यात मेंदूचा आलेख काढतात, तो चांगला येतो. मग घरात दोनच मतं उरतात: बाहेरची बाधा, नाहीतर नाटक. हात जोडून सांगते, दोन्ही मतं बाजूला ठेवा.

आधी मिरगी आहे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. झटका येत असताना मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. काहींना मिरगी आणि मनाच्या ताणातून येणारे झटके दोन्ही असतात, म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

मिरगी नाही असं ठरलं, तर डॉक्टर बहुधा याला डिसोसिएटिव्ह विकार म्हणतील. तो बऱ्याचदा असा सुरू होतो: लहान लेकराला मार बसतो, अंगावर नको तो हात पडतो, रोज घालूनपाडून बोललं जातं. त्याला पळता येत नाही, उलट मारता येत नाही. तेव्हा त्याचं मन तिथून निघून जातं; हे दुसऱ्याच कुणाला होतंय, असं त्याला वाटतं. त्या वेळी त्यानेच लेकरू तगतं. पण मनाला ती वाट सवयीची होते. पुढे कुणी खेकसलं, परीक्षा आली, लग्नाची बोलणी निघाली, की मन पुन्हा त्याच वाटेने जातं आणि शरीर मागे पडून राहतं. तिने हे ठरवून केलेलं नसतं. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पियर जाने यांनी 1889 साली आपल्या ग्रंथात असे रुग्ण नोंदवले, तेव्हाही अनेकांच्या मागे जुना धक्का सापडला होता.

प्रत्येक झटक्यामागे अत्याचारच असतो असं मात्र नाही. म्हणून घरात गुन्हेगार शोधत सुटू नका, मुलीची उलटतपासणी घेऊ नका. पण ती आपणहून काही सांगू लागली, तर विश्वास ठेवा. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, आणि मुलग्यांवरही हे बेततं. केंद्र सरकारने 2007 साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं.

आपल्या बीड जिल्ह्यात तर सांगायला माणूसच जवळ नसतो. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायकोचा कोयता पाच-सहा महिने उसाच्या फडावर. लेकरं आजीपाशी, नातेवाइकांकडे, हंगामी वसतिगृहात. पोटासाठी जाणाऱ्या आई-बापाला मी दोष देत नाही. पण माघारी मुलीचं कसं होईल या काळजीपोटी तिचं लग्न लवकर उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या शंभरातल्या चाळिसांहून जास्त तरुणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आधीच बिथरलेल्या मुलीला सासरी धाडणं हा तिच्या आजारावरचा इलाज नव्हे.

देवीला जा, नवस फेडा, कुणाची हरकत नाही. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जे लेकरू मारामुळेच आजारी पडलं, त्याला आणखी मार देऊन काय साधणार?

झटका आला की गर्दी हटवा. तोंडात चमचा घालू नका, थोबाडीत मारू नका. शेजारी बसून तिचं नाव घ्या, ती कुठे आहे, जवळ कोण आहे, ते हळू आवाजात सांगत राहा. मग अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. या आजारावर मुख्य इलाज बोलण्याचा असतो, त्याला महिने लागतात. दोन खेपांत गुण आला नाही म्हणून सोडू नका. मुली बऱ्या होतात, शाळेत परततात. गुरुजी, तोवर तिला वर्गात ठेवा.

अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. बभ्र्याची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. पण मुलाचं नाव छापायला बंदी आहे, जबाब घरीच घेता येतो आणि तो घेणारे पोलीस गणवेशात नसतात.

यंदा फडावर निघण्याआधी एका संध्याकाळी लेकराजवळ बसा. माघारी काही झालं तर कुणाला सांगायचं, ते एक माणूस त्यालाच निवडू द्या. त्या माणसाशी स्वतः बोलून घ्या. आणि मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या.