पाळणाघर : शाप की वरदान? आधी हा विषयच बदलूया



वक्तृत्व स्पर्धेच्या विषयांची जुनी यादी काढून बघा. 'मोबाईल : शाप की वरदान', 'दूरदर्शन : शाप की वरदान' आणि त्यांच्याच रांगेत 'पाळणाघर : शाप की वरदान'. सातवी-आठवीची मुलं त्यावर तावातावाने बोलतात. भाषणाच्या सुरुवातीला नोकरी करणारी आई पैशांच्या मागे धावत असते, शेवटी पाळणाघरातलं बाळ दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं, मग टाळ्या. परीक्षक म्हणून बसून मी अशी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. टाळ्या वाजवणाऱ्या काही शिक्षिकांची स्वतःची मुलं त्याच वेळी पाळणाघरात असतात, हे कुणी बोलत नाही. आणि बाबा? बाबा त्या भाषणात कुठेच नसतात. शापातही नाहीत आणि वरदानातही नाहीत.

ही मुलं असं का बोलतात? कारण भाषण आपण लिहून देतो. म्हणून आज हे तुमच्याशी बोलायचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. जून महिन्यात नवी मुलं येतात, तेव्हा आपल्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पाळणाघरातलं पोर दिसतंय." मूल चावलं की पाळणाघरातलं. मूल रडलं नाही तरी पाळणाघरातलंच, "त्याला सवय आहे ना आईशिवाय राहायची." आणि मूल तीन दिवस रडत राहिलं तर घरी आईने फार लाडावून ठेवलंय! म्हणजे कसंही झालं तरी ठपका आईवरच. तुम्हीच सांगा, हे निरीक्षण आहे का निव्वळ तोंडची वाफ?

पहिलीच्या वर्गात मला काय दिसतं ते सांगते. आजीकडे, घरीच वाढलेला एक मुलगा आला होता. आई-बाबा शेतात, आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे सकाळी हातात मोबाईल दिला की दुपारपर्यंत घर शांत. हा मुलगा सहा वर्षांचा होऊनही पाणी हवं असलं की नुसता बोट दाखवायचा. घरी होता, माणसांत होता, पण त्याच्याशी बोलत कोण होतं? त्याच वर्षी एक मुलगी पाळणाघरातून आलेली. "आता माझी पाळी, मग तुझी," असं म्हणत चेंडू पुढे सरकवणारी. गाणी पाठ, चप्पल जागेवर ठेवायची सवय, अनोळखी माणसाला घाबरणं नाही.

थांबा, लगेच पाळणाघराच्या बाजूने मत टाकू नका. आणखी एक मुलगा सांगते. तोही पाळणाघरातलाच. अतिशय 'शहाणा'. हाताची घडी, तोंडावर बोट. पहिले दोन आठवडे तो प्रत्येक गोष्टीची परवानगी मागायचा. पाणी पिऊ का, उठू का, हसू का हेही जवळजवळ तसंच. नंतर कळलं की तिथे एका छोट्या खोलीत पंधरा-सोळा मुलं, सांभाळायला एकच बाई आणि समोर दिवसभर टीव्ही. त्या बाईंना दोष तरी काय द्यायचा? एकट्या माणसाने पंधरा मुलांना सांभाळायचं म्हणजे त्यांना गप्प बसवणं एवढंच उरतं. आणि घरी आईजवळच राहिलेली एक मुलगी आली, तिला पन्नास तरी वस्तूंची नावं सांगता येत होती. रवी, पाटा, परात, उलथनं, सांडशी. आई भाजी निवडताना तिला शेंगा सोलायला बसवायची, पोळीचा छोटा गोळा हातात द्यायची आणि सतत बोलत राहायची. त्या आईचं शिक्षण नववी. तिने माझं अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं.

चार मुलं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मोठी संशोधनंही साधारण याच अंगाने बोलतात. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या तेराशेहून जास्त बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. पाळणाघरात वाढलेली मुलं आणि आईजवळ वाढलेली मुलं यांची तुलना हाच मुद्दा. निष्कर्ष काय निघाला? घरातलं वातावरण आणि आई मुलाला कसा प्रतिसाद देते, याचा परिणाम मूल दिवसा कुठे राहतं यापेक्षा मोठा असतो. चांगल्या दर्जाच्या सांभाळात वाढलेल्या मुलांची भाषा आणि समज थोडी बरी आढळली. आणि लहानपणी फार जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्ट, भांडणं असं वागणं किंचित जास्त दिसलं. हा तिसरा निष्कर्ष नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना आवडत नाही, म्हणून तो गाळून चालणार नाही. तास मोजावेच लागतात. सकाळी आठ ते रात्री आठ असं दीड वर्षाचं बाळ बाहेर राहत असेल, तर पाळणाघर कितीही छान असो, मला ते पटत नाही.

"पण मुलाला आईच लागते," असं म्हणणाऱ्यांचंही ऐकूया. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. युद्धानंतर बेघर झालेल्या, संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांचा तो प्रश्न होता. आईपासून तुटलेल्या मुलाचं किती नुकसान होतं, हे त्याने जगाला दाखवलं. पण संध्याकाळी आईच्या कुशीत परत येणाऱ्या मुलाला तोच नियम लावणं म्हणजे ओढूनताणून केलेली गोष्ट आहे. पुढे १९६४ साली ग्लासगोमधल्या ६० बाळांच्या अभ्यासात दिसलं की दीड वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला असतो. वडील, आजी, आजोबा, शेजारी. आपल्या वाड्यांना आणि एकत्र कुटुंबांना हे सांगायला स्कॉटलंडहून कुणी यायला नको होतं! आपल्याकडे मूल एकट्या आईने कधी वाढवलंच नाही. काकू होती, आत्या होती, शेजारची मावशी होती. 'पूर्वी आया घरी असायच्या' असं आपण म्हणतो, तेव्हा ही सगळी माणसं विसरतो. आणि ती आई तरी घरी कुठे होती? ती विहिरीवर, शेतात, जात्यावर होती. बाळ झोळीत होतं आणि झोळीची दोरी थोरल्या बहिणीच्या हातात होती.

त्या थोरल्या बहिणीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपण शिक्षक आहोत, तिची काळजी आपणच करायची.

डी.एड.ला 'टीपा लिहा'मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं यायची. चार गुणांची टीप लिहून आपण मोकळे व्हायचो. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत काम करताना त्यांना दिसलं की मुलं शाळेपर्यंत येतच नाहीत. मग शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणावर नेली. आणि काखेत धाकटं भावंडं असणाऱ्या मुलीचं काय? तिच्यासाठी त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. पाळणाघराकडे बघायची ही नजर आपण पार विसरलो. पाळणाघर म्हणजे शहरातल्या नोकरदार बाईची सोय असं आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. ताराबाईंनी ते गरिबाच्या मुलीला शाळेत आणण्यासाठी काढलं होतं.

आज तुमच्या हजेरीपटावर बघा. पेरणीच्या, काढणीच्या दिवसांत कोणती मुलगी गैरहजर असते? कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाळ सांभाळायला ठेवलीय, मॅडम." ऊसतोडीला कोयता निघाला की आई-बाप दोघं फडात आणि कोपीवर बाळाजवळ नऊ वर्षांची पोर. तिच्या घरी 'आईने नोकरी करावी की घरी राहावं' अशी चर्चा होत नाही. तिची आई घरी राहिली तर उचल कशी फिटणार?

अंगणवाडी आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, लस मिळते, वजन होतं, पण दिवसभर सांभाळ मिळत नाही. मोठी मुलंसुद्धा दुपारपर्यंत घरी येतात. मजुरीला गेलेली आई दिवस कलल्यावर परतते. मधले तास कुणाचे? थोरल्या मुलीचे.

कायद्याचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही दिली. चांगलंच झालं. पण चार घरची धुणीभांडी करणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोजायची? शिवाय कायदा रजा आईला देतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस, खासगी नोकरीतल्या बापाला तेवढीही कायद्याने नाही. मूल आईचंच, हे आपण कायद्यातही लिहून ठेवलंय.

आता माझ्या घरचं थोडं. माझी १८० दिवसांची रजा संपली तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. दीड वर्षाची होईपर्यंत सासूबाईंनी सांभाळली, नंतर त्यांना झेपेना म्हणून गल्लीतल्या एका काकूंकडे ठेवू लागलो. त्यांच्याकडे पाच मुलं असतात, सहावं त्या घेत नाहीत. मुलगी त्यांना 'माऊ' म्हणते. एका रविवारी पडली तेव्हा "माऊ" म्हणून रडली, मी शेजारी असताना. टोचलं, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, माझ्या लेकीला रडताना आठवावं असं आणखी एक माणूस मिळालं, यात वाईट काय? सकाळी सोडायचं काम तिच्या बाबांचं आहे. त्यामुळे "आज बाळ जेवलं नाही" हे त्यांनाही पहिल्यांदा कळतं आणि दुपारभर काळजी फक्त मीच करत नाही.

पाळणाघर बघायला जाणाऱ्या पालकांना माझं सांगणं एवढंच की भिंतीवरची कार्टून बघू नका. न सांगता, दुपारी तीनच्या सुमाराला जा. तेव्हा सांभाळणारी माणसं दमलेली असतात, खरं काय ते तेव्हा दिसतं. टीव्ही चालू आहे का बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघंही सांगतात. रडणाऱ्या मुलाला कुणी उचलतंय का, की "गप" असा आवाज येतोय? मुलांना नावाने हाक मारतात का? आणि मुख्य म्हणजे सांभाळणारी बाई वर्षभर तीच राहते का, हे विचारा. महिन्याला माणूस बदलणारं पाळणाघर कितीही चकचकीत असो, नको. बाळाला रंगीत घसरगुंडी नसली तरी चालते, ओळखीचा चेहरा हवा.

आणि ज्या आईने नोकरी सोडून घरी राहायचं ठरवलंय, तिला "मग दिवसभर करतेस काय?" हा प्रश्न आपण पालकसभेत विचारायचा नाही. मी हा प्रश्न शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे. फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही' असं आपणच लिहितो. त्या नववी शिकलेल्या आईच्या फॉर्मवरही तेच लिहिलं होतं.

येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मी चार प्रश्न विचारणार आहे. मूल दिवसभर कुणाजवळ असतं? ते माणूस त्याच्याशी काय बोलतं? मोबाईल किती वेळ? आणि धाकटं भावंडं असेल तर त्याला कोण सांभाळतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हीच' असं आलं, तर त्या मुलीचं नाव मी वेगळ्या वहीत लिहीन आणि अंगणवाडीताईंना आणि सरपंचांना घेऊन बसेन. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजना आहे, मिशन शक्तीखाली. आपल्या गावात ती आली आहे का, नसेल तर ग्रामसभेत ठराव कसा करायचा, हे विचारायला काय हरकत आहे? तुमच्यापैकी कुणाच्या गावात अशी सोय सुरू झाली असेल तर जरूर कळवा. वेळ किती ते किती आहे आणि ताईंना मानधन किती मिळतं, हेही लिहा.