बिटाचा रस आणि उतारवय
इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिशीच्या आतले ३९ आणि साठी-सत्तरीतले ३६ जण दोन आठवडे नायट्रेटयुक्त बिटाचा रस प्यायले. रक्तदाब उतरला तो ज्येष्ठांचाच. दुवा तोंडात सापडला: त्यांच्यातले प्रिव्होटेला जिवाणू घटले, नायसेरियासारखे उपकारक वाढले. तोंडातले जिवाणूच नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यातून होणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करते. वयानुसार शरीराची ही निर्मिती मंदावते. प्रयोगातली माणसे थोडी, मुदत अल्प. तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करण्याचा विचारही नको. पण नायट्रेट असलेले पालक, माठ, मुळा आपल्या मंडईत सहज मिळतात. आजी-आजोबांच्या ताटात पालेभाजी वाढा; मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.