घरच्या स्टुडिओला वक्तशीर संगणक हवा

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की बहुतेकांच्या बजेटची मोठी रक्कम संगणकावर जाते, आणि दुकानात ‘म्युझिकसाठी’ म्हटलं की हमखास गेमिंगचं मशीन पुढे येतं. त्याच्या किमतीतला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो, आणि ध्वनिमुद्रणात त्या कार्डाला जवळपास काही काम नसतं. माझ्या मते इथेच निवड चुकते. घरच्या ध्वनिमुद्रणाला सर्वांत वेगवान संगणक लागत नाही. लागतो तो वेळ न चुकवणारा आणि आवाज न करणारा.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. माइकमधून आलेला आवाज सेकंदाला 48,000 नमुन्यांत मोजला जातो आणि संगणक हे नमुने गठ्ठ्यांनी उचलतो. अशा गठ्ठ्यालाच बफर म्हणतात. 128 नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद. तेवढ्यात सगळे प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम, लावून तो पुढे द्यायचा. एकदा जरी उशीर झाला, तरी चांगल्या जमलेल्या तानेत ‘टक्’ असा आवाज येतो. हा उशीर अनेकदा प्रोसेसर दुबळा म्हणून होत नाही. वायफायचा सदोष ड्रायव्हर किंवा तापून मंदावलेला लॅपटॉपही तो घडवतो. बफर 1,024 केला तर टक् थांबते, पण येताजाता मिळून चाळीस मिलिसेकंदांहून जास्त उशीर होतो. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज तेरा-चौदा मीटरवरून आल्यासारखा ऐकू येतो. लय सांभाळणार कशी? यावरचा स्वस्त उपाय संगणकात नाहीच. माइक संगणकाला जोडणाऱ्या साध्या ऑडिओ इंटरफेसवरही डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. त्यात गाणाऱ्याचा आवाज संगणकातून न जाता थेट कानात येतो.

एका ट्रॅकवरचे प्लगइन एकापाठोपाठ एक चालतात, म्हणून कोअर किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त कामाचा. साठवणुकीचा हिशेबही भीती वाटण्यासारखा नाही. 24 बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला 8.6 एमबी जागा घेतो. वीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं एक जीबीच्या आतच बसतं. एसएसडी हवीच, पण ती वाद्यांच्या सॅम्पल लायब्ररीतले हजारो तुकडे क्षणात उचलण्यासाठी, आणि तिच्यात फिरणारा भाग नसतो म्हणूनही. शांतता हा मुद्दा तर खरेदीच्या यादीत नसतोच. मे महिन्यात रेकॉर्डिंगसाठी छताचा पंखा बंद करावा, खोली तापावी, आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉपचा पंखा घुमू लागावा; कंडेन्सर माइक ते सगळं टिपतो. हार्मोनियमचा सूर विरतानाची ती घरघर मागाहून काढायला गेलं की सुराची धारही बोथट होते. रेकॉर्डिंगमधली घुं घुं चार्जर काढल्यावर थांबत असेल, तर बहुधा चार्जरचा किंवा अर्थिंगचा प्रश्न असतो. घरच्या अर्थिंगबद्दल शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

‘आत्ताच मोठा घेतला तर पाच-सात वर्षं बघायला नको’ या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपटाचं पार्श्वसंगीत करणाऱ्याला अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या लायब्ररी उघड्या ठेवाव्या लागतात. त्याला 64 जीबी रॅम ही चैन नाही. पण गळा, पेटी, तबला आणि चार-सहा सॉफ्टवेअर वाद्यं एवढ्यासाठी 16 जीबी पुरतात. कमी पडलंच तर झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करता येतात, म्हणजे तयार ध्वनीच्या रूपात गोठवता येतात. रॅमची जागा रिकामी असलेलं मशीन घेतलं, तर पुढची सोयही राहते. मॅक शांत असतात आणि त्यांची ध्वनिप्रणाली भरवशाची आहे, हेही खरं. फक्त आताच्या एम मालिकेतल्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच पुरेशी घ्यावी. आणि चांगल्या कामाला मोठा स्टुडिओ लागतोच असं नाही: अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या ज्या अल्बमला 2020 मध्ये ग्रॅमी मिळालं, तो मुख्यतः आई-वडिलांच्या घरातल्या तिच्या भावाच्या छोट्या बेडरूममध्ये तयार झाला होता.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरातलाच संगणक तपासा. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची साठ दिवसांची चाचणी प्रत उतरवा, बफर 128 वर ठेवून वीस ट्रॅक वाजवा आणि दहा मिनिटं हेडफोन लावून ऐका. एकदाही टक् आली नाही, तर नवा संगणक घेऊ नका. त्या पैशांत चांगला माइक आणि इंटरफेस घ्या, आणि उरलेल्यात खोलीला जाड पडदे लावा.