जमिनींतील जुनीं नाणीं व शेतकऱ्याचा वाटा

नांगराच्या तासांत जुनें नाणें लागणें ही आपल्या खेड्यांतून मोठी नवलाची गोष्ट नाहीं. पांढरीच्या जागेवर किंवा नदीकांठच्या मळ्यांत असे प्रकार पूर्वापार घडत आले आहेत. परंतु धातुशोधक यंत्र, ज्यास लोक मेटल डिटेक्टर म्हणतात, तें आतां सहज विकत मिळतें. असें यंत्र घेऊन कोणी हौशी गृहस्थ आपल्या बांधावर आला, तर शेतकऱ्यानें काय करावें, याचा विचार आमच्या मतें अगोदरच झालेला असावा.

या यंत्राच्या तळाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून विजेचा उलटसुलट प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, आणि त्याच्या टप्प्यांत धातु आला कीं यंत्र आवाज करतें. सुटें नाणें साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच कळतें. आपल्या काळ्या जमिनींतील लोहयुक्त कणांमुळें तें पुष्कळदां फसतें; तुटका फाळ व गंजलेला खिळा यांसही दाद देतें. तेव्हां यंत्र आलें म्हणजे धन आलें, असें कोणीं समजूं नये.

तथापि योग्य हातीं तें काय करूं शकतें, याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें आहे. सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं १९९२ सालीं एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याचा स्नेही एरिक लॉज यंत्र घेऊन शोधीत असतां सोन्यारुप्याचीं रोमन नाणीं हातीं लागलीं. तेव्हां त्यानें खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस वर्दी दिली. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं माती काळजीपूर्वक काढली, तों सुमारें १५,००० नाणीं व २०० च्या आसपास इतर जिन्नस निघाले. लाकूड कुजून गेलें होतें, तरी ते जिन्नस पेटींत कसे रचले होते हेंही उलगडलें. बक्षीस ठरलें १७,५०,००० पौंड, आणि लॉज यानें तें शेतकऱ्यासह वांटून घेतलें.

आपल्या प्रांतांतील दाखला याहून जुना आहे. नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपान राजाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. सातवाहनांनीं क्षहरातांचा उच्छेद केला, असें नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतो. त्यास ही भक्कम साक्ष मिळाली. हींच नाणीं एकएक करून सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर रुप्याखेरीज कांहीं उरलें नसतें. नाणें कोठें, किती खोल व कशाच्या सोबत सांपडलें, यांतच त्याचें खरें मोल आहे.

मग शेतकरी तें लपवितो कां? आमच्या मतें दोष एकट्या शेतकऱ्याचा नाहीं. १८७८ चा निखात-निधीचा कायदा आपल्याकडे अद्याप लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी लागते. न दिल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. ठेवा बेवारशी ठरला व जागेच्या मालकानें हक्क सांगितला, तर करार नसल्यास तीन-चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व उरलेला मालकास मिळतो. मात्र सरकारनें तो स्वतःकडे घेतला, तर किंमत मिळते ती धातूची आणि वर तिचा पांचवा हिस्सा. अठराशे वर्षांच्या इतिहासाचा मोबदला नुसत्या वजनावर! इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यान्वयें बाजारभाव ठरविण्यास समिति असते, आणि १९९७ पासून किरकोळ वस्तूंचीही नोंद करणारी योजना चालू आहे; तींत दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. प्रामाणिकपणास तेथें बक्षीस आहे, येथें मात्र तो तोट्याचा सौदा ठरतो.

म्हणून आमची सरकारास सूचना अशी कीं, मोबदला पुराणवस्तूच्या योग्य किमतीनें द्यावा, वर्दीची पोंच तत्काळ मिळावी, आणि पंचनामा व तपासणी यांपायीं पेरणीचा हंगाम बुडाल्यास नुकसानभरपाई असावी.

शेतकरी बंधुभगिनींसही आमची विनंति आहे. यंत्रवाल्यास शेतांत शिरूं देण्यापूर्वीं वाट्याचा लेखी करार करावा. तो नसेल तर मालकाच्या पदरीं चौथा हिस्साच येतो, हें ध्यानांत ठेवावें. संरक्षित स्मारकाच्या हद्दींत परवानगीवांचून खणूं देऊं नये. नाणीं लागल्यास अधिक खणूं नये, घांसूनपुसून चकचकीत करूं नये, जागेवर खूण ठेवावी आणि कलेक्टर कचेरींत वर्दी देऊन पोंच घ्यावी. कायद्यांतील सुधारणा मागण्याचा आपला हक्क आहे. पण आपल्या हातून वस्तु वितळल्यावर ती मागणी करण्यास आपणांस तोंड राहणार नाहीं.