नव्या इमारतींतील इंटरनेट : निवड कोणाची?

पुणे–नाशिक महामार्गालगतच्या मंचर, नारायणगाव, आळेफाटा ह्या गावांत आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. फ्लॅट घेणारे कुटुंब पाणी, वीज, वाहनतळ ह्यांची बारकाईने चौकशी करते. इंटरनेटची चौकशी मात्र बहुधा ताबा मिळाल्यावर होते. तोपर्यंत निर्णय अन्य कोणी घेऊन टाकलेला असू शकतो.

इमारतीत घरोघरी तार नेण्यासाठी जिन्यालगत उभी पोकळी व भिंतीतून नळ्या लागतात. बांधकाम व्यावसायिकाने त्या एकाच कंपनीपुरत्या ठेवल्या, अथवा एकाच कंपनीशी करार केला, तर दुसरीला आत शिरण्यास वाट उरत नाही. नंतर भिंती फोडणे खर्चाचे व शेजाऱ्यांची संमती मिळवणे त्याहून अवघड. सेवा वारंवार खंडित झाली तरी कंपनी बदलण्याची सोय नसते. साहजिकच ग्राहकाच्या तक्रारीला वजन राहत नाही. मुलांचा अभ्यास, घरून चालणारी नोकरी, टोमॅटोच्या बाजारभावाची चौकशी, सारे त्या एका तारेवर विसंबून राहते.

जुन्नर-आंबेगाव परिसरात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना अवकाशातील अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. त्यामुळे तिच्या परिसरात रेडिओ प्रक्षेपकांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. काचतंतूतून मात्र प्रकाश धावतो. त्याची बाधा दुर्बिणीला होत नाही. अशा भूभागात घरापर्यंत येणाऱ्या तारेचे मोल अधिक, आणि म्हणूनच ती एकाच हाती असणे अधिक घातक.

हा प्रश्न शासनदरबारी अपरिचित नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, जानेवारी २०१७ मध्येच इमारतींत सर्व कंपन्यांना भेदभावाविना प्रवेश मिळावा व एकाधिकाराचे करार रोखावेत, अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे विनियम काढले. परंतु हे तारांकन ऐच्छिक आहे. ज्याला उणीव झाकावयाची आहे, तो त्यासाठी अर्ज करील कशाला? अमेरिकेत तेथील दूरसंचार आयोगाने निवासी संकुलांतील एकाधिकाराच्या करारांवर २००८ पर्यंत बंदी आणली. तरीही कंपन्या व इमारतमालक ह्यांच्यातील कमिशनच्या व्यवहारांमुळे २०२२ मध्ये त्याला पुन्हा नियम करावे लागले. केवळ करार रद्द करून भागत नाही, त्यामागील आर्थिक हितसंबंधही तपासावे लागतात, हा त्यातील धडा होय.

ह्यावरचा उपाय स्वस्त आहे. तो वेळीच योजला पाहिजे. बांधकाम सुरू असताना दोन-तीन रिकाम्या नळ्या अधिक टाकण्यास फारसा खर्च येत नाही. जुन्नर नगरपरिषद, मंचर नगरपंचायत व अन्य परवानगी यंत्रणांनी नकाशे तपासताना त्यांचा आग्रह धरावा. ग्राहकांनी करारनाम्यावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : किती कंपन्यांना आत येता येईल, आणि कोणाशी करार झाला आहे काय? गृहनिर्माण संस्था स्थापन होताच सभासदांनी असे करार मागवून सर्वसाधारण सभेत त्यांचा विचार करावा. घराचे हप्ते वीस वर्षे कुटुंबाने फेडावयाचे आणि त्या घरातील तारेची निवड मात्र त्रयस्थाने करावयाची, हे न्यायाला धरून नाही.